राखणदार साहेब

४ जून

गुंड्या,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते पत्राच्या शेवटी मिळतील. आधी मला रागावून घेऊ दे.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो मावशी, बघतो मावशी" म्हणतोस आणि मागून तुझी बोटं कीबोर्डवर टकटक करत असल्याचं ऐकू येतं. कागद हातात धरलास की निदान संपेपर्यंत तरी माझ्याकडे लक्ष देशील.

काकांना झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आणि उजवा हात कापतो, हे तुला वेगळं सांगायला नको. ज्या माणसाने शेजारच्या सीटवर बसून अख्ख्या गावाला गाडी शिकवली, "क्लच दाब, हळू, आता सोड" असं दिवसभर बोलून ज्याचा घसा कधी बसला नाही, तो घरात गप्प बसून असतो. मागच्या वेळी आलास तेव्हा तू टॅबलेटवर तुमचा तो प्रोग्राम घालून दिलास. चित्रावर बोट ठेवायचं, यंत्र तो शब्द बोलतं. फुकट, तुझ्यासारख्या स्वयंसेवकांनी फावल्या वेळात बनवलेला. मी शेजारीपाजारी तुझं कौतुक करत फिरले होते.

आता ऐक. कापणारं बोट चित्रावर एकदा टेकत नाही, लागोपाठ टेकत राहतं. 'पाणी' दाबलं की यंत्र "पाणी पाणी पाणी पाणी" करत सुटतं. घरात आम्ही हसून घेतलं. पण परवा डॉक्टरांकडे बाहेरच्या बाकावर बसलो होतो, ह्यांनी 'दुखतंय' दाबलं आणि यंत्राने तो एकच शब्द असा लावून धरला की समोरची माणसं तोंड फिरवून हसायला लागली. ह्यांनी टॅबलेट मांडीवर पालथा घातला. घरी आल्यावर कपाटात ठेवून दिला आणि तो अजून तिथेच आहे. मी काढून पुढे धरला तर मान फिरवतात.

उपाय मला तरी साधा दिसतो. बोट एकदा टेकलं की पुढे क्षणभर यंत्राने दुसरं टेकणं मनावर घेऊ नये. एवढंच सांगायला मी तुमच्या दारात गेले. तुला विचारलं नाही, कारण प्रोग्रामवरच लिहिलंय, "सूचनांचं स्वागत आहे, कुणीही कळवावं." मी म्हटलं, मी कुणीही आहे.

तर आधी अकाउंट काढा. पासवर्डात आकडा हवा, चिन्ह हवं, आणि मला लक्षात राहील असा तर अजिबात नको. मग मी माणूस आहे हे सिद्ध करायला सिग्नलची चित्रं ओळखा. सिग्नलचा खांब शेजारच्या चौकोनात जरासा घुसला असेल तर तो चौकोन धरायचा की सोडायचा? ह्यांना दाखवलं. जन्मभर लोकांना सिग्नल शिकवणाऱ्या माणसानेही हात टेकले. मग फोनवर आकडे आले. चष्मा सापडेपर्यंत त्यांची मुदत संपली. ते परत मागवले. हे सगळं झाल्यावर समोर आला एक भलामोठा तक्ता. आवृत्ती, यंत्रणा, अपेक्षित वर्तन, प्रत्यक्ष वर्तन, पुनरुत्पादनाच्या पायऱ्या. पुनरुत्पादन वाचून मी या वयात जरा दचकलेच.

मी आपलं सरळ, वर तुला लिहिलंय तसं, एका चौकटीत लिहून टाकलं. बटण दाबून हात बाजूला घेते न घेते तोच उत्तर हजर. खाली नाव, राखणदार. "आपली नोंद नमुन्यानुसार नाही. नोंद बंद करण्यात येत आहे."

इतक्या तातडीने उत्तर दिलं म्हणून मला बरं वाटलं. मी लिहिलं, "राखणदार साहेब, आपण लगेच लक्ष घातलंत याबद्दल आभार. मला तक्त्यातले शब्द कळले नाहीत, पण अडचण खरी आहे. आपल्या सवडीने वाचावं." पुन्हा तेच वाक्य. म्हटलं, कामाचा ताण असेल. "साहेब, आपण रागावलात का? जेवण व्हायचं असेल तर आधी जेवून घ्या, मी थांबते," असं लिहिलं. पुन्हा तेच.

गुंड्या, मी पोस्टाच्या खिडकीत नोकरी केली. चुकीचा फॉर्म घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर मी खिडकी कधी लावली नाही. आतून पेन सरकवायचे, कुठे काय लिहायचं त्यावर बोट ठेवायचे, आणि मागच्या रांगेने कुरकुर केली तर तिच्यावर डोळे वटारायचे. तुमचे हे राखणदार साहेब फार वरच्या हुद्द्यावर असतील तर असोत, पण त्यांना माणसांशी बोलायची रीत कुणी शिकवलेली नाही. तुझं त्यांच्याशी बरं असेल तर जरा समजावून सांग.

आता घे आशीर्वाद.

मावशी

११ जून

मावशी,

नमस्कार. पत्र शेवटपर्यंत वाचलं, कीबोर्डला हात न लावता.

काकांचं वाचून वाईट वाटलं. टॅबलेट कपाटात गेलाय हे तू आधी का नाही सांगितलंस?

आता कसं सांगू तेच कळत नाही. राखणदार हा माणूस नाही. तोही एक प्रोग्रामच आहे. येणारी नोंद नमुन्यात बसते का ते तो बघतो आणि नसेल बसत तर बंद करतो. त्याला राग येत नाही आणि जेवणही लागत नाही. तू त्याला जे लिहिलंस ते खरंच खूप गोड होतं.

पण मावशी, तो कठोर वाटला तरी कामाचा आहे. आम्ही हे काम करणारे मोजके लोक आहोत, सगळ्यांच्या दिवसा नोकऱ्या आहेत, ह्याचा पगार कुणाला नाही. आणि आमच्याकडे काय काय येतं माहीत आहे? "चालत नाही." बस, एवढंच. काय चालत नाही, कुठे चालत नाही, काही नाही. नाहीतर "तुमचं ॲप भंगार आहे." कोणती आवृत्ती, काय काय केल्यावर बिघाड पुन्हा होतो (तेच ते पुनरुत्पादन), ते कळल्याशिवाय आम्ही शोधायचं कुठे? नियम सगळ्यांना सारखेच आहेत, तुझ्याशी कुणी वैर धरलेलं नाही.

तुला रीतसरच जायचं असेल तर आमची बोलायची एक खोली आहे, कॉम्प्युटरवरची. तिचं अकाउंट वेगळं काढावं लागेल. तिथे विचार. फक्त आधी नियमावली वाचून जा, नाहीतर लोक जरा तुटक बोलतात.

नाहीतर हे सगळं सोडूनच दे. मी सुट्टीच्या दिवशी बसून काकांसाठी तुला हवी तशी वेगळी प्रत करून देतो. घरातल्या घरात काम होईल, कुणाला कळायचंही कारण नाही.

तुझा
गुंड्या

२२ जून

गुंड्या,

पहिल्यांदा, तुझ्या राखणदाराला मी "जेवून घ्या" म्हटलं याची मला लाज वाटत नाही. मी माणूस समजून माणसासारखी वागले. तुम्ही त्याला नाव दिलंत, बोलायला लावलंत आणि दारात उभं केलंत. मग समोरच्याने त्याला काय समजायचं होतं?

तुझ्या त्या खोलीत जाऊन आले. नियमावली वाचली, सगळी. वाचताना दोनदा डोळा लागला. आत जाऊन अडचण मांडली. एकाने उत्तर म्हणून तीच नियमावली परत माझ्या अंगावर टाकली, सोबत एक शब्द नाही. दुसऱ्याने विचारलं, "आधी शोधून पाहिलंत का?" नव्हतं पाहिलं. मग पाहिलं. आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

ही अडचण सांगणारी मी पहिली नाही. एक बसचा कंडक्टर आहे, त्याचे स्वतःचेच हात कापतात. विशेष मुलांच्या शाळेतल्या एक बाई आहेत, त्यांच्या वर्गातल्या मुलीचं बोट एका जागी ठरत नाही. आणि एक मुलगी आहे, 'सुतळी' या नावाने लिहिते, तिने आईसाठी लिहिलंय. आई अंथरुणावर आहे, बोलता येत नाही, बोट टेकलं की यंत्र अडखळत सुटतं आणि आई घाबरते. किती नीट लिहिलंय तिने. तक्ताही भरलाय सगळा, पुनरुत्पादनासकट. तरी राखणदाराने ती नोंद बंद केली. का, तर "बरेच दिवस हालचाल नाही."

हालचाल कुणी करायची होती रे? तिने सांगितलं आणि ती उत्तराची वाट बघत बसली. गप्प तुम्ही बसलात आणि खिडकी लावली तिच्या तोंडावर. ह्या तिघांपैकी एकही जण पुन्हा तुमच्या दारात आलेला नाही. मी बघितलं.

आणखी एक बघितलं. मी राखणदाराला लिहिलं त्याच्याखाली हसरे चेहरे लावलेत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. त्यांच्यावर बोट ठेवलं की कुणी लावले ती नावं दिसतात, हे तुला माहीत असेलच. तिथे तुझं टोपणनाव आहे. आणि राखणदाराच्या स्वतःच्या पानावर, हा कुणी बनवला तिथेही तेच आहे. मला "खूप गोड होतं" असं लिहिताना तुझा हात कापला नाही का?

आता तुझ्या त्या वेगळ्या प्रतीबद्दल. पाठव. नको म्हणायला मी खुळी नाही, इथे माणूस मुका बसलाय. पण मला एक सांग. मला भाचा आहे म्हणून माझं काम घरातल्या घरात होईल. सुतळीला भाचा नसेल तर तिच्या आईने काय करायचं? पोस्टात असताना साहेबांचे पाहुणे असेच मागच्या दाराने यायचे, आणि त्यांची पाकिटं पुढे घेताना मला रांगेतल्या माणसांकडे बघवायचं नाही. तेच काम तू आज माझ्यासाठी करतोयस, आणि मला ते घ्यावं लागतंय, याचा मला जास्त संताप आहे.

आशीर्वाद ह्या खेपेला पाकिटात मावले नाहीत.

मावशी

१५ जुलै

गुंड्या,

तुझ्याकडून बरेच दिवस हालचाल नाही. नियमानुसार तुला बंद करू का?

मावशी

१९ जुलै

मावशी,

नको करूस.

प्रत आजच पाठवली आहे, टॅबलेट चालू केलास की आपोआप येईल. सेटिंगमध्ये 'थांबा' असा पर्याय दिसेल, तो काकांच्या हाताप्रमाणे कमीजास्त करता येतो. करायला एक दुपार लागली. खरं सांगायचं तर दुपारही पुरी लागली नाही. म्हणूनच लाजेपायी पत्र लिहायला इतके दिवस लागले.

हसलो होतो. तू आहेस हे तेव्हा माहीत नव्हतं.

राखणदार मीच बनवला हेही खरं आहे. पण तो मी गंमत म्हणून नाही बनवला. आमच्यात एक मुलगी होती, आमच्यातली सगळ्यांत चांगली. प्रत्येकाला ती स्वतः उत्तर द्यायची, अगदी तू खिडकीत करायचीस तसं. लोक तिला काय काय लिहायचे ते तुला सांगता येणार नाही. फुकटचं वापरायचं आणि वर, अजून झालं कसं नाही म्हणून आईवरून शिव्या. एक दिवस तिने सगळं सोडलं, आम्हा कुणाचा फोनही घेतला नाही. तिचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन महिन्यांत मला नोंद उघडायचीच भीती वाटायला लागली, म्हणून मध्ये राखणदार उभा केला. तेव्हापासून शिव्या कमी झाल्या. एवढं तरी तू समजून घे.

तुझं म्हणणं मी सगळ्यांपुढे मांडलं. राखणदार काढायला कुणी तयार नाही. काढला तर आम्ही बुडू म्हणतात. काम वाढतंय, नवीन माणूस एकही येत नाही, जुने कंटाळलेत. त्यांचंही खोटं नाही. मी मध्ये अडकलोय.

काकांना बोट ठेवता आलं का ते कळव.

गुंड्या

३० जुलै

गुंड्या,

आधी चांगलं सांगते, कारण ते तुझ्यामुळे झालंय. टॅबलेट कपाटातून काढला. ह्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी तो जवळ ठेवून स्वयंपाकघरात गेले. जरा वेळाने आतून आवाज आला, "चहा." एकदाच. मी ओट्याशी हात न हलवता उभी राहिले, पुढचे तीन-चार येतील म्हणून. आले नाहीत. बाहेर येऊन बघते तर हे माझ्याकडे बघतायत, पोराने पहिल्यांदा सायकल चालवून मागे वळून बघावं तसे. मग दिवसभर एवढं बोलले की संध्याकाळी मीच टॅबलेट चार्जिंगला लावायच्या निमित्ताने काढून घेतला.

आता बाकीचं.

"तू आहेस हे माहीत नव्हतं," असं लिहितोस. म्हणजे मी नसते, दुसऱ्या कुणाची मावशी असती, तर हसायला हरकत नव्हती असं म्हणणं आहे का तुझं? त्या मुलीचं वाचून मात्र जीव कळवळला. शिव्या देणाऱ्यांना मी माझ्या खिडकीसमोरूनही हाकललेलं आहे, चांगलं मोठ्या आवाजात. पण शिव्या देणाऱ्या माणसामुळे मी पुढच्या म्हाताऱ्याची खिडकी नाही लावली. तुझा राखणदार शिवी आणि विनंती यांत फरकच करत नाही, दोघांनाही तेच एक वाक्य फेकतो. नवीन माणूस येत नाही म्हणून रडता. येणाऱ्याला पहिलं तोंड कुणाचं दिसतं ते एकदा बाहेर उभं राहून बघा.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सुतळीचं, कंडक्टरचं, शाळेतल्या बाईंचं, ज्या ज्या नोंदी बंद केल्यात त्याही सगळ्या वाचल्या. हे डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली. मग उठून बसले आणि टॅबलेट मागितला. बराच वेळ पानं उलटत होते, शब्द सापडेना. शेवटी तीन चित्रं दाबली. "बंद." "परत." "चालू."

मला आधी कळेना, वाटलं दिव्याचं सांगतायत. मग माझ्या लक्षात आलं, आणि तुझ्याही यायला हवं. पाण्याच्या टाकीजवळचा तो चढ आठव. तुझा पहिला दिवस, चढावर गाडी बंद पडली. मागे मालाचा ट्रक, त्याच्या मागे आणखी गाड्या, सगळे भोंगे वाजवतायत. तू स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायच्या बेतात, म्हणालास मला नाही शिकायचं. ह्यांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन ट्रकपुढे हात आडवा करून उभे राहिले. "नवीन आहे तो, थांबा जरा," असं म्हणाले ट्रकवाल्याला. मग तुझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बंद पडली. परत चालू कर." ह्याच्यापलीकडे त्यांनी तुला एक अक्षर ऐकवलं नाही. घरी येऊन तूच सांगत होतास सगळ्यांना.

त्यांचं म्हणणं होतं, शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी घाबरला की दुसऱ्या दिवशी येतच नाही, आणि मग आपण म्हणत बसतो की लोकांना शिकायची आवडच उरली नाही.

तू भोंगे वाजवणाऱ्यांत कधी गेलास, गुंड्या?

मावशी

१७ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग कुणाची परवानगी न घेता राखणदाराचा नोंदी बंद करायचा अधिकार काढून टाकला. आता तो फक्त एवढंच म्हणतो, "मी यंत्र आहे, तुमचं म्हणणं माणसापर्यंत पोचवलं आहे." आणि ते माझ्याकडे येतं. तक्ता काढला. एकच चौकट ठेवली आहे, तुझ्यासारखं कुणीही सरळ लिहू शकेल अशी. आवृत्तीचा आकडा प्रोग्राम स्वतःच पाठवतो. हे आधीही करता आलं असतं, कुणाला सुचलं नाही. सुचायची गरजच पडली नाही, असं म्हणू.

भांडण झालं. एकाने निघून जायची धमकी दिली आहे, अजून गेलेला नाही. काम वाढलंय हेही खरं. शिव्याही आल्या, त्या पुसतोय.

काकांसाठी केलेली सुधारणा सगळ्यांच्या प्रोग्राममध्ये घातली. बंद केलेल्या नोंदी परत उघडल्या आणि प्रत्येकाला स्वतः लिहिलं. नमुना न वापरता. उशिराबद्दल क्षमा मागितली, उपाय झालाय म्हणून कळवलं.

शाळेतल्या बाईंचं उत्तर नाही. कंडक्टर म्हणाला, आता दुसरं काहीतरी वापरतो, पण बघतो. आणि काल सुतळीचं उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवतो.

"कळवल्याबद्दल आभार. आई मार्चमध्ये गेली. शेवटी शेवटी तिला काहीतरी सांगायचं असायचं, पण बोट ठेवलं की यंत्र तोच शब्द धरून बसायचं आणि ती कासावीस व्हायची. म्हणून मीच ते तिच्या हातातून काढून घेतलं. तेव्हा वाटलं, आमचंच काहीतरी चुकत असेल. टॅबलेट अजून आहे. तुम्हाला नवीन प्रत कुणाकडून तपासून घ्यायची असेल तर सांगा, मला आता वेळ असतो."

मावशी, तिने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिची आई होती. माझी ती एक दुपार तेव्हाही रिकामी होती. राखणदाराने नोंद बंद केली आणि मला कळलंही नाही, कारण मला कळू नये म्हणूनच मी तो बनवला होता.

कालपासून उत्तर लिहायला बसतोय आणि उठतोय. जे लिहितो ते तुझ्या त्या "नमुन्यानुसार नाही"सारखंच वाटतं. तुला माणसांशी बोलता येतं. माझ्या नावाने तू दोन ओळी लिहून देशील का? मी तशाच पाठवतो.

गुंड्या

२२ ऑगस्ट

गुंड्या,

नाही. ह्या खिडकीत तुझं तुलाच बसायला हवं.

काय लिहू म्हणून विचारतोस. तिने काय लिहिलंय ते पुन्हा वाच. आमचंच चुकत असेल असं तिला वाटलं, आणि त्या समजुतीत तिने स्वतःच्या हाताने आईची बोलायची वस्तू काढून घेतली. तिचं काही चुकलं नव्हतं, एवढं तिला कुणीतरी माणसाने सांगायला हवंय. राखणदार कुणी बनवला तेही सांग. ती चार शब्द बोलेल ते ऐकून घे. आणि ती वेळ देते म्हणतेय तर तिला दारात उभी ठेवू नकोस, आत घे, काम दे.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सुतळीच्या आईपाशी आले तेव्हा थांबत थांबत वाचलं. ह्यांनी टॅबलेट ओढून घेतला. बोट बराच वेळ काचेवर अधांतरी कापत होतं. मग 'तू' वर टेकलं. मग 'बोल' वर.

दोन्ही शब्द तुला होते, यंत्राने ते एकेकदाच म्हटले. तिला लिहिलंस की मला कळव.

आशीर्वाद.

मावशी